माझ्या हिशेबातला हरवलेला ट्यूना

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या पश्चिमेला, किनारा दिसेनासा होतो त्याच्याही बऱ्याच पुढे, सप्टेंबरातल्या एका सकाळी माझा भाला एका ब्लूफिन ट्यूनाच्या पोटात घुसला. मासा सरळ खाली गेला. दोर सळसळत निघाला, दोराला बांधलेला पहिला बोया, म्हणजे तरंगता फुगा, पाण्याखाली ओढला गेला, दुसरा अर्धा बुडाला आणि मग दोर एकदम सैल पडला. वर ओढून पाहिलं तर भाल्याच्या टोकाला बोटभर मांस. होडीवरचे सोबती म्हणाले, होतं असं, पहिलीच वेळ आहे. दिवसाला किती मासे मारायचे त्या नियमाच्या हिशेबात त्या दिवशी माझ्या नावावर शून्य मासे. ती नोंद खोटी आहे हे बंदराला लागेपर्यंत माझ्या डोक्यातून जाईना.

भाल्याने मोठा ट्यूना मारायला कसं शिकायचं, असं इथे नव्याने आलेली आपली पोरं अधूनमधून विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी मालवणचा. आजोबा रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, वडिलांची छोटी होडी आणि मी मात्र प्रयोगशाळेत नळ्या हलवायच्या नोकरीसाठी कॅलिफोर्नियात. पाण्याची भीती नव्हती, हीच माझी सुरुवातीची सगळ्यात मोठी अडचण.

कारण इथे पोहता येण्याचा फारसा उपयोग नसतो. सगळा खेळ श्वासाचा. हवेची टाकी न घेता, एका दमात खाली जायचं, थांबायचं आणि वर यायचं. मी गावाकडच्या सवयीने बुडी मारण्याआधी धापा टाकल्यासारखे दहा-बारा मोठे श्वास घ्यायचो. प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी ते बंद केलं. भरभर श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, रक्तातला कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो. श्वास घ्यावासा वाटणं हे त्या कार्बन डायऑक्साइडवर चालतं, म्हणजे तुम्ही धोक्याची घंटाच बंद करून खाली जाता. त्यात खोलीवर पाण्याच्या दाबामुळे फुप्फुसातला ऑक्सिजन पुरेसा वाटतो. वर येताना दाब उतरतो तसा तो झपाट्याने अपुरा पडतो आणि शेवटच्या 10 मीटरमध्ये, कधी तर डोकं पाण्याबाहेर आल्यावरसुद्धा, माणूस बेशुद्ध होतो. कसली कल्पना नाही, त्रास नाही, दिवा मालवावा तसा. चांगले पट्टीचे पाणबुडे असे गेलेत.

म्हणून एक खाली तर एक वर, हा नियम. जोडीदार पाण्यातच हवा, होडीत बसून मोबाइल बघणारा नको. तुम्ही वर आल्यावर त्याने निदान अर्धा मिनिट तुमच्या तोंडाकडे बघत राहायचं. आणि जेवढा वेळ खाली होता त्याच्या किमान दुप्पट वेळ पाण्यावर पडून राहायचं, मासे समोर उड्या मारत असले तरी. हे शेवटचं सांगायला सोपं आहे.

पहिलं वर्ष मी भाला सोडायची बंदूक हातातही घेतली नाही असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. घेतली, पण छोटी. सॅन डिएगोतल्या ला होयाच्या केल्पच्या जंगलात, म्हणजे तळापासून वरपर्यंत उभ्या असलेल्या समुद्री शेवाळाच्या रानात, छोटे मासे ओळखायला शिकलो. तिथे किनाऱ्याचे काही पट्टे पूर्ण राखीव आहेत, त्यांच्या सीमा नकाशावर पाठ करून मगच पाण्यात उतरायचं. तिथेच पहिल्यांदा जायंट सी बास दिसला. माणसापेक्षा मोठा, आणि इतका निवांत की हात लावावा. या निवांतपणानेच तो संपत आला होता. सॅन डिएगोत 1933 साली ‘बॉटम स्क्रॅचर्स’ नावाचा भाला-मासेमारीचा क्लब निघाला, जगातल्या अगदी पहिल्या क्लबांपैकी एक. त्या पिढीच्या डोळ्यांदेखत हा मासा विरळ होत गेला. गळ, जाळी, भाला, सगळ्यांनी मिळून तो संपवत आणला. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बंदी आली, म्हणून आज मला तो दिसतो. भाला निरागस असतो असं कुणी सांगायला लागलं की मला तो मासा आठवतो.

आता ट्यूनाची बंदूक. लाकडी, जवळजवळ माझ्या खांद्याएवढी उंच, रबराचे चार-पाच पट्टे. ते छातीला टेकवून ओढायलाच पहिले काही आठवडे गेले. भाल्याचं टोक सुटं असतं. माशात घुसलं की निसटून आडवं होतं, गुंडीसारखं. भाला बंदुकीला बांधलेला नसतो, आणि तुम्हाला तर अजिबात नाही. तो ताणल्या जाणाऱ्या जाड रबरी दोराला, तो दोर पुढे लांब तरंगत्या दोराला आणि तो बोयांना. मासा पळतो ते बोये घेऊन पळतो. दोराचा वेढा कधीही हाताभोवती किंवा पायाभोवती येऊ द्यायचा नाही, आणि सुरी एका हाताने निघेल अशीच लावायची. पन्नास-साठ किलोचा मासा खाली जाताना तुम्ही त्याच्यासाठी आणखी एक बोया असता.

किती मोठा मासा असा मारता येतो? 1982 साली टेरी मास यांनी मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटापाशी एका श्वासात मारलेला पॅसिफिक ब्लूफिन 398 पौंडांचा होता, म्हणजे सुमारे 180 किलो. तुम्ही आणि मी त्या वाटेला जायचं कारण नाही.

निळ्या पाण्यात तळ नसतो. खाली नुसती निळाई, त्यात उन्हाच्या तिरक्या रेघा. खोली कळत नाही, म्हणून मनगटावरचं घड्याळ बघत राहायचं. होडी माशांच्या थव्याच्या पुढे जाऊन तुम्हाला सोडते आणि बाजूला होते. तुम्ही दहा-बारा मीटरवर लटकता. मग कधी काहीच येत नाही, माझ्या पहिल्या तीन फेऱ्यांत काहीच आलं नाही, आणि कधी अचानक भिंत सरकत येते. इथे नवशिके एकच चूक करतात आणि मीही तीच केली. पाण्यात मुखवट्याच्या काचेतून मासा असतो त्यापेक्षा जवळ आणि मोठा दिसतो. मोठा ब्लूफिन तर इतका मोठा दिसतो की हाताच्या अंतरावर आहे असं वाटतं. तो पुरता लांब असतो. भाला पोचेपर्यंत त्याचा जोर गेलेला असतो. त्यात मासा वळत होता, कल्ल्याच्या झाकणामागे कण्याच्या रेषेत मारायचं ते सोडून मी समोर आलेल्या पोटावर मारलं. पोट मऊ असतं. टोक फाडून बाहेर आलं. बाकी तुम्हाला माहीत आहे.

म्हणून पहिल्या मोसमात एक करा. थव्यावर बुडी मारा, नेम धरा आणि चाप ओढू नका. वर येऊन जोडीदाराला सांगा, मारला असता तर कुठे लागला असता. हसतील. हसू देत. मी हे पुढच्या वर्षी केलं आणि त्यानंतर चाप ओढला तेव्हा मासा जागीच थंड पडला, 58 किलोचा.

मग खरं काम. ट्यूनाचं रक्त बाकीच्या बहुतेक माशांसारखं पाण्याइतकं थंड नसतं. त्याच्या स्नायूंपाशी रक्तवाहिन्यांची एक जाळी असते, ती शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. झुंज झाली की मांस आतून आणखी तापतं आणि खराब व्हायला लागतं. त्यामुळे मेंदूत खिळा, कल्ल्याखाली चीर देऊन रक्त काढणं, आणि लगेच बर्फ व समुद्राच्या पाण्याचा दाट काला. हे करायला होडीत जागा आणि बर्फ नसेल तर मारूच नका. घरी आणताना दक्षिण कॅलिफोर्नियात आणखी एक नियम आहे. मासा होडीवर कापलाच तर ठरलेले सहा तुकडे, प्रत्येक माशाचे वेगळ्या पिशवीत: पाठीपोटाच्या चार लांब पट्ट्या, छातीच्या परांसकट गळपट्टी आणि पोटाच्या परांसकट पोटाचा भाग. कापल्यावरही हा ब्लूफिन की यलोफिन, ट्यूनाची दुसरी जात, हे तपासनिसाला ओळखता आलं पाहिजे. मला हा नियम फार आवडतो. किती निगुतीने कुणी विचार केला असेल!

रात्री घरी व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडच्या कुपा आणि गेदरच्या या थोरल्या भावाकडे वडील बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "एवढो मोठो कुपो! एकट्यान मारलंस? मगे खातलो कोण?"

प्रश्न बरोबर होता. 58 किलोच्या माशाचं 36 किलो मांस निघालं. हौशी मासेमाराला ते विकता येत नाही. शेजारी, ऑफिस, मराठी मंडळ सगळीकडे वाटलं (गणपतीचे दिवस होते, निम्म्या घरांतून नम्रपणे परत आलं). मोठ्या ट्यूनात पारा साठलेला असतो, त्यामुळे लहान मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या घरी देताना ते सांगून दिलं. तिखलं चांगलं होतं, पण बांगड्याची सर नाही. आणि नियमाने मला दिवसाला असे दोन मासे मारता आले असते. 2015 पर्यंत तर दहा.

ती दहाची मर्यादा दोनवर का आली, हे या छंदात शिरणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं. पॅसिफिक ब्लूफिन जन्मतो जपान-तैवानच्या बाजूला. त्यातली काही पिल्लं महासागर पार करून कॅलिफोर्निया-मेक्सिकोकडे येतात, इथे खाऊन मोठी होतात आणि अंडी घालायला पुन्हा पलीकडे जातात. म्हणजे माझ्या भाल्यासमोर येणाऱ्या बऱ्याच माशांनी अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. 2010च्या आसपास या जातीचा अंडी घालणारा साठा मासेमारीपूर्व पातळीच्या जेमतेम 2 टक्क्यांवर आला होता. मुख्य कारण भाला नव्हता. पिल्लं असतानाच, वर्ष-दोन वर्षांची असताना, ती जाळ्यांत जात होती. मग महासागराच्या पश्चिमेकडच्या देशांनी 30 किलोंखालच्या माशांची पकड 2002 ते 2004च्या सरासरीच्या निम्म्यावर आणायचं ठरवलं, पूर्वेकडेही कोटे बसले. 2034पर्यंत साठा 20 टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट होतं, ते 2021 मध्येच गाठलं गेलं. 2024च्या मोजणीत आकडा 23.2 टक्के निघाला. जगभर मासे संपल्याच्याच बातम्या वाचणाऱ्याला हे खरं वाटत नाही.

माझ्या सोबत्यांना हे आवडत नाही, पण या पुनर्जन्मात आमच्या भाल्याचा वाटा जवळपास शून्य. "आम्ही एकच मासा बघून, निवडून मारतो, फुकट काही मरत नाही" हे आमचं लाडकं वाक्य. त्यात तथ्य आहे. याच सॅन डिएगोच्या ट्यूना-होड्या आधी बांबूच्या काठीने एकेक मासा उचलायच्या. 1950च्या दशकाच्या शेवटी त्यांनी पर्ससीनचं, म्हणजे अख्ख्या थव्याला वेढून खालून आवळायचं, जाळं घेतलं आणि ट्यूनाबरोबर डॉल्फिन लाखांनी मेले, इतके की 1972च्या सागरी सस्तन प्राण्यांच्या कायद्यामागे ते एक मोठं कारण ठरलं. पर्ससीन हा शब्द मालवणात मी शाळेत असल्यापासून भांडणांत ऐकलाय. आमच्या रापणीला मासळी नाही आणि तिकडे एका वळशात सगळा थवा. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये त्यावर निर्बंध आणले, 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवला, आणि तरी बाजारात वीतभर सुरमई दिसते. पण "आम्ही निवडून मारतो" म्हणणारा काय निवडतो? सगळ्यात मोठा. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी पट अंडी घालते. गाबोळीने भरलेली मासळी आपण कौतुकाने घरी आणतो, त्यातलाच हा प्रकार, फक्त फोटोसकट.

मासा वाचला तो कोट्यांनी, मोजदादीने, कुणीतरी कागदावर आकडे भरल्याने. तो हिशेब ठेवणाऱ्या आयोगांपैकी एकाचं मुख्यालय आमच्या ला होयातच आहे, त्यावरून पाण्यात उतरायला जाताना मी नेहमी जातो. आणि माझा तो पोट फाटलेला मासा मात्र कुणाच्याच आकड्यात नाही. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलं: भाला लागून सुटलेला मासा माझ्या कोट्यात धरायचा. एक लागून सुटला आणि एक मिळाला की त्या दिवशी बंदूक होडीत.

भारतातून कुणी वाचत असेल तर, कोकणात हे करायला निघू नका. पाणी गढूळ, समोरचा जोडीदार दिसायची मारामार. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्यही आहे. श्वास रोखायला कुठेही शिका, भाल्याची घाई नको. आणि माशांचं खरंच वेड असेल तर रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, वर्सोव्याला केंद्रीय संस्था आहे. माशाच्या कानातल्या हाडावर झाडासारखी वर्षं उमटतात, ती मोजायला तिथे शिकवतात. हे मला बारावीत कुणी सांगितलं असतं तर कदाचित नळ्या हलवत बसलो नसतो.

इथे असाल तर क्रम असा ठेवा: वय 16 किंवा जास्त असेल तर राज्याचा परवाना, कोरोनाडो बेटांकडे जायचं तर मेक्सिकोचा वेगळा, श्वास रोखण्याचा रीतसर अभ्यासक्रम, भरवशाचा जोडीदार, तो मिळेपर्यंत थांबा, मग छोटी बंदूक, मग निळं पाणी. आणि एक वही. माझ्या वहीत त्या सप्टेंबरच्या तारखेपुढे मी नंतर शून्य खोडून 1 लिहिलंय, आणि पुढे कंसात ‘अंदाजे 40 किलो, पोट’.