पहिल्या मोहिमेआधीची तयारी : नव्या गेम मास्टरसाठी

पहिल्यांदाच गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा निवेदक, होणाऱ्याने स्वतःची कथा रचण्याचा मोह आवरावा आणि छापील मोहीम, म्हणजे खेळण्यासाठी लिहून ठेवलेली तयार कथा, घ्यावी. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा एकेक पात्र बनून फाशांच्या आधारे कथा खेळण्याचा खेळ 1974 पासून खेळला जात असल्याने अशा मोहिमांना तोटा नाही. तरी नवख्यांसाठी 2014 च्या स्टार्टर सेटमधील ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ मला आजही सर्वांत सोयीची वाटते. ती 64 पानांची आहे, पात्रांना पहिल्या पातळीपासून पाचव्या पातळीपर्यंत नेते आणि तिच्यासोबत पाच तयार पात्रे मिळतात. पुढील तयारी तीच समोर ठेवून सांगितली आहे.

सर्वप्रथम संपूर्ण पुस्तक एकदा भरभर वाचावे आणि मग फक्त पहिला भाग पेन्सिल हातात घेऊन दोनदा वाचावा. या वाचनात घटनाक्रम पाठ करू नये, कारण खेळाडू तो पहिल्या अर्ध्या तासात मोडतात. त्याऐवजी कोणाला काय हवे आहे, हे समासात टिपून ठेवावे. क्रॅगमॉ गॉब्लिनांच्या गुहेतील यीमिकला आपला म्होरक्या क्लार्ग याची जागा हवी आहे, म्हणून तो कैदी सिल्डारला ओलीस धरून खेळाडूंशीच सौदा करू पाहतो. एवढे ठाऊक असले की खेळाडूंनी लढाई केली, लाच दिली किंवा निव्वळ थाप मारली, तरी यीमिक काय करील हे शोधायला पाने उलटावी लागत नाहीत. माझ्या मते चांगल्या मोहिमेची खरी ओळख हीच आहे. ज्या मोहिमेत खलनायकाची इच्छा सांगितलेली नसेल, तिथे ती एका ओळीत आपणच लिहून घ्यावी.

दुसरी तयारी हिशेबाची. वाटेत दोन घोडे मरून पडलेले दिसतात आणि झाडीत चार गॉब्लिन दबा धरून बसलेले असतात, हा मोहिमेतील पहिलाच प्रसंग दिसतो त्यापेक्षा घातक आहे. गॉब्लिनचा एक बाण 3 ते 8 हिट पॉइंट्स (पात्राच्या जीवनशक्तीचे गुण) घेतो, आणि पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे मुळात जेमतेम आठच्या आसपास असतात. त्यामुळे दुसऱ्या फेरीआधीच एखादा खेळाडू आडवा होणे अगदी शक्य आहे. शून्यावर आलेले पात्र लगेच मरत नाही, त्याला दर फेरीला वीस बाजूंचा फासा टाकून 10 किंवा अधिक आणावे लागतात, आणि तीन यशांनी ते सावरते तर तीन अपयशांनी जाते, हा नियम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आपल्या नोंदी झाकणाऱ्या पडद्यामागे चिकटवावा. सगळेच हरले तर गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडून लुटून नेतात, अशी तरतूद पुस्तकातच आहे. तिच्यामुळे पराभवानंतरही गोष्ट पुढे सरकते, म्हणून ती आधीच वाचून ठेवावी.

खेळाडूंना वाचून दाखवण्यासाठी पुस्तकात चौकटींत छापलेली वर्णने इंग्रजीत आहेत. ती जशीच्या तशी वाचून दाखवली की मराठीत रंगलेल्या गप्पा तिथेच गोठतात, म्हणून प्रत्येक जागेसाठी एक दृश्य, एक आवाज आणि एक वास एवढेच मराठीत टिपून घ्यावे. इनिशिएटिव्ह (लढाईतील पाळीचा क्रम), सेव्हिंग थ्रो (संकट टाळण्यासाठी टाकलेला फासा) वगैरे शब्द मात्र खुशाल तसेच राहू द्यावेत.

महत्त्वाचा सुगावा फाशांच्या भरवशावर कधीही ठेवू नये: गुहेकडे जाणारी पायवाट सर्वांनाच दिसावी, आणि फासे टाकायचेच असतील तर ते वाटेवरचा सापळा वेळीच लक्षात येतो का, एवढ्यासाठी टाकावेत. नियम आठवला नाही तर पुस्तक चाळत न बसता 15 किंवा अधिक आले तर यश, असे ठरवावे, फासा टाकायला सांगावा आणि खरा नियम बैठक संपल्यावर पाहावा. वाटेत अचानक भेटणाऱ्या पात्रांसाठी दहा नावे, पुरेशा पेन्सिली आणि जास्तीचे फासे जवळ असावेत. रक्तपात, कोळी अशा कोणत्या गोष्टी कोणाला नकोशा वाटतात, हे खेळाडूंना आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.

तीन तासांच्या पहिल्या बैठकीत गुहेच्या तोंडापर्यंत पोहोचले तरी पुरे. तिथे थांबावे आणि पुढची तारीख सगळे टेबलाशी असतानाच ठरवावी. घरी गेल्यावर व्हॉट्सॲपवर पाच जणांच्या सोयीचा रविवार सापडत नाही.