जुन्या गाडीत दुसरं इंजिन घातलंय? मग आरपीएम मीटर असा जुळवा

इंजिन बसलं, गिअरबॉक्स जुळला, गाडी चालायला लागली, पण आरपीएम मीटरचा काटा एकतर शून्यावरून हलत नाही नाहीतर काहीच्या काही आकडे दाखवतो, हे इंजिन बदललेल्या जुन्या गाड्यांमध्ये सर्रास दिसतं. कुणाला विचारलं की एकच उत्तर येतं, "कॉइलच्या मायनसला वायर लाव, झालं काम". कॉइल म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग. पॉइंट-कंडेन्सरच्या, म्हणजे यांत्रिक स्विचने ठिणगी पाडणाऱ्या जुन्या इंजिनाला हे बरोबर होतं. आजच्या इंजिनावर तसंच केलं तर मीटर चालत नाहीच, वर चांगलं चाललेलं इंजिन मिसफायर करायला, म्हणजे ठिणगी चुकवायला लागतं. म्हणून मीटर विकत घ्यायच्या किंवा उघडायच्या आधी एकच गोष्ट शोधायची, आपलं नवीन इंजिन सिग्नल कुठून आणि कसला देतंय. डायल केवढी, रिंग क्रोमची का काळी, ते सगळं नंतर.

आधी हातातला मीटर ओळखा. मागे केबल जात असेल तर तो मेकॅनिकल, आणि नवीन इंजिनाला ती केबल फिरवायला जागाच नसते, तेव्हा अडॅप्टर शोधत बसू नका, डबा आणि डायल तीच ठेवून आत इलेक्ट्रॉनिक मशिन बसवून घ्या. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचा मीटर असेल तर डायलवर बारीक अक्षरं बघा. आरव्हीआय लिहिलं असेल तर तो करंटवर चालतो, म्हणजे कॉइलकडे जाणारी इग्निशनची वायर त्याच्यातून लूप होऊन जाते. आरव्हीसी असेल तर तो कॉइलच्या मायनसवरच्या व्होल्टेजवर चालतो. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असलेल्या इंजिनावर आरव्हीआय तसाच चालवायचा नाद सोडा, आतला बोर्ड बदला. आणि गाडी मुळात पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं प्लस बॉडीला जोडलेली असेल तर करंट द्यायच्या आधी मीटरची पोलॅरिटी तपासा.

आता खरा अवघड भाग, मलाही सगळ्यात जास्त यानेच छळलंय. मीटरला आरपीएम कळत नाही, तो फक्त पल्स, म्हणजे वायरीवर येणारे विजेचे ठोके मोजतो. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणून एका फेरीला पल्स किती तर सिलिंडरच्या निम्म्या, चार सिलिंडरला २, सहाला ३, आठला ४. म्हणून चार सिलिंडरचा मीटर सहा सिलिंडरच्या इंजिनाला लावला की ३००० ला ४५०० दाखवणार, आणि सहाचा मीटर चारला लावला तर ३००० ला २०००. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण काटा खाली दिसतो म्हणून तुम्ही दाबत राहता आणि इंजिन मर्यादेच्या पार गेलेलं असतं.

इथपर्यंत सोपं. पण वेस्टेड स्पार्क सिस्टीम, म्हणजे दोन सिलिंडरला मिळून एक कॉइल असेल तर एक कॉइल क्रँकच्या प्रत्येक फेरीला एकदा उडते, म्हणजे चार सिलिंडरच्या मीटरवर निम्मा आकडा. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर दोन फेऱ्यांत एकच पल्स, म्हणजे ३००० ला ७५०. शिवाय तीन किंवा चार वायरींच्या बऱ्याच कॉइलमध्ये इग्नायटर, म्हणजे कॉइल चालू-बंद करणारा भाग, आतच असतो, तिथे बाहेर कॉइलचं मायनस मिळतच नाही, जी वायर येते ती इसीयूकडून (इंजिनाच्या कंप्युटरकडून) येणारा साधारण ५ व्होल्टचा ट्रिगर असतो. त्या वायरीला हात लावायचा नाही. जुन्या मीटरचा लोड तिच्यावर टाकला की मिसफायर सुरू.

इसीयूवर टॅकोचा, म्हणजे आरपीएम मीटरचा वेगळा आउटपुट असेल तर तोच वापरा, दुसरा विचार करू नका. फक्त त्यात दोन गोष्टी बघायच्या. एक, तो एका फेरीला किती पल्स देतो, कारण सिलिंडर आठ म्हणून आउटपुट ४ पल्सचाच असेल असं नाही, कारखान्याने स्वतःच्या मीटरसाठी वेगळाच ठरवलेला असू शकतो. दोन, बरेच आउटपुट वायर फक्त अर्थला खेचतात, स्वतः व्होल्टेज देत नाहीत, मग सिग्नलची वायर आणि इग्निशनचे १२ व्होल्ट यांच्यात १ ते १० किलोओहमचा रेझिस्टर लावावा लागतो. तो आउटपुट १२ व्होल्ट सहन करतो का, हे इसीयूच्या कागदात बघूनच.

एवढं करूनही जुना मीटर ढिम्म राहू शकतो, कारण त्याला कॉइलच्या मायनसवर उसळणारा शेकडो व्होल्टचा झटका लागतो, १२ व्होल्टची चौकोनी पल्स त्याच्या खिजगणतीत नसते. यावर काही जण रिलेची कॉइल लावून झटका तयार करायला सांगतात. माझा याला ठाम विरोध आहे, कारण तोच झटका इसीयूच्या आउटपुटवरही बसतो आणि इसीयू मीटरपेक्षा कितीतरी महाग असतो. त्यासाठी बनवलेला टॅको अडॅप्टर घ्या, किंवा मीटरचा बोर्डच कमी व्होल्टेजवर चालणारा करून घ्या.

डिझेलला स्पार्कच नाही, तिथे अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून सिग्नल घ्यायचा. एका फेरीला पल्स म्हणजे अल्टरनेटरमधल्या चुंबकी पोलच्या जोड्या गुणिले पुलीचं प्रमाण. ६ जोड्या आणि अडीचपट पुली असेल तर एका फेरीला १५. मीटर हा आकडा सेट करता येणारा असावा, आणि पट्टा घसरता कामा नये.

वायरिंग नेहमीचंच, इग्निशनवरून फ्यूज लावून करंट, पक्की अर्थ, लाइटची वायर वेगळी. सिग्नलची वायर तेवढी प्लगच्या वायरींना समांतर नेऊ नका, शिल्डवाली वापरली तर शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा. काटा थरथरत असेल तर मीटर खोलायच्या आधी प्लगच्या वायरी रेझिस्टन्सवाल्या आहेत का ते बघा.

मग कॅलिब्रेशन. मागे ४-६-८ चा स्विच असेल तर सोपं, नाहीतर आतल्या बोर्डावरचा छोटा प्रिसेट (स्क्रू ड्रायव्हरने फिरणारा रेझिस्टर) फिरवायचा. कानाने अंदाज घेऊन सेट करू नका, इसीयूला जोडलेल्या स्कॅनरवरचा आरपीएम समोर ठेवा आणि आयडल, २००० आणि ४००० अशा तिन्ही जागी जुळवा. टेबलावर करायचं असेल तर सिग्नल जनरेटरवर १०० हर्ट्झ म्हणजे २ पल्सच्या मीटरला बरोब्बर ३०००. एकाच जागी जुळवलेला मीटर वरच्या टोकाला दोन-तीनशेने चुकलेला सापडतो, आणि नेमका तिथेच तो बरोबर हवा असतो.

काच बंद करायच्या आधी लाल पट्टा नवीन इंजिनाच्या मर्यादेवर हलवा. जुन्या इंजिनाचा पट्टा तसाच ठेवला तर तो खोटंच सांगत राहतो, आणि एकदा रिंग दाबून बसवली की पुन्हा उघडताना ती वाकते.