कुकर लावताना या चुका टाळा: शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा

“पाच शिट्ट्या केल्या, तरी डाळ शिजली नाही.” घरोघरी हे ऐकू येतं, आणि पहिली चूक शिट्ट्या मोजण्यातच असते. डाळ शिजते ती तापमानावर. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. गॅस कितीही मोठा केला तरी त्यापुढे जात नाही. कुकरमध्ये वाफ कोंडते, आतला दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत चढतं.

शिट्टी म्हणजे नळीवर ठेवलेलं वजन. वाफेचा जोर त्याला पेलेनासा झाला की ते उचललं जातं, जादा वाफ निघते, ते पुन्हा बसतं. म्हणजे पहिल्याच शिट्टीला कुकर त्याच्या कमाल तापमानाशी पोहोचलेला असतो. त्यानंतरही भडक आच ठेवली तर शिट्ट्या भराभर होतात, तळाचं पाणी उडून जातं आणि गॅस वाया जातो. डाळीला लागणारा वेळ मात्र तिला मिळत नाही. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करा. भिजवलेल्या तूरडाळीला आठ-दहा मिनिटं पुरतात, रात्रभर भिजवलेल्या छोल्यांना वीसेक मिनिटं द्या.

झाकण लावल्याबरोबर शिट्टी बसवण्याची घाईही नको. आधी नळीतून वाफेची सरळ, जोरकस धार येऊ द्या. तिच्याबरोबर आतली हवा बाहेर पडते. हवा आतच अडकली तर दाबात तिचाही वाटा राहतो. शिट्टी वेळेवर होते, पण तापमान तेवढं चढलेलं नसतं.

धार येतच नसेल तर गॅस लगेच बंद करा. आमच्याकडे एकदा कुकर नुसताच धुमसत राहिला. गार झाल्यावर झाकण खिडकीकडे धरून नळीतून पाहिलं, तर पलीकडचा उजेडच दिसेना. आत मसुराची टरफलं वाळून घट्ट बसली होती. तेव्हापासून नळीतून उजेड पाहिल्याशिवाय मी कुकर लावत नाही. डाळ थेट कुकरमध्ये शिजवत असाल तर तो निम्म्याहून जास्त भरू नका, कारण डाळीला फेस येतो आणि तो टरफलांना नळीपर्यंत घेऊन जातो. चमचाभर तेल टाकलं की फेस कमी होतो. नळी बुजलीच, तर शेवटचा आधार सेफ्टी व्हॉल्व्हचा, म्हणजे दाब फार वाढला की वाफ सोडून देणाऱ्या झाकणावरच्या झडपेचा. वाफेच्या भांड्याला अशी झडप लावण्याची युक्ती डेनिस पापिन या फ्रेंच शास्त्रज्ञाची. त्याने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला आपलं भांडं दाखवलं होतं. व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचा, त्याच कुकरसाठीचा नवा बसवा. बाजारात मिळेल तो ठोकून बसवणं म्हणजे जिवाशी खेळ.

सगळं नीट करूनही दाणा अख्खाच राहिला, तर चिंच किंवा आमसूल आधीच घातलं होतं का, ते आठवा. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात सहज सुटत नाही. आंबट नेहमी डाळ शिजल्यावर, फोडणीनंतर. बोअरचं जड पाणीही हेच करतं, कारण त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट करतं.

झाकणाच्या कडेने वाफ जात असेल तर रबर तपासा. फ्रिजमध्ये ठेवून ते एखाददोन वेळा निभावतं, पण कडक झालेलं किंवा चिरलेलं रबर बदलायलाच हवं.

आणि झाकण कधीही जबरदस्तीने ओढू नका. २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचं क्षेत्रफळ होतं ३१४ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो धरला, तरी पूर्ण दाब असताना त्यावर तीनशे किलोंहून जास्त भार असतो. अशा वेळी झाकण सुटलं तर १२० अंशांचं पाणी एका क्षणात उसळतं आणि डाळ अंगावर येते. कुकरचा दाब आपोआप पडू द्या. मग शिट्टी हलकेच उचलून बघा. जराही फुस्स झालं तर पुन्हा खाली ठेवा आणि आणखी पाच मिनिटं थांबा.