गणिताकडून साथरोगांकडे: पीएचडीच्या अर्जाआधीची तयारी

गणितात एमएस्सी झाली आणि पुढे रोगप्रसारावर पीएचडी करायची असेल, तर प्रवेश परीक्षेच्या अभ्यासासोबत काही कामं आधीच उरका. रेषीय बीजगणित आणि अवकल समीकरणं पक्की असतीलच. संभाव्यता मात्र अनेकांची कच्ची राहते, तिला भरपूर वेळ द्या. पायथनमध्ये एखादं अवकल समीकरण ऑयलरच्या पद्धतीने, म्हणजे छोट्या छोट्या पायऱ्यांनी पुढे जात, स्वतः सोडवा, पायरी निम्मी करून उत्तर किती हलतं ते बघा. तयार फंक्शन त्यानंतर.

मग एक जुना शोधनिबंध आकडेवारीसकट स्वतः पुन्हा उभा करा. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारं काम हेच. साथ कशी पसरते आणि ओसरते याचं गणित मांडणारा केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७चा निबंध घ्या. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, प्रयोगशाळेतल्या अपघातात दृष्टी गेलेले. मॅकेंड्रिक भारतात नोकरी केलेले डॉक्टर. मुंबई बेटावरच्या १९०५-०६च्या प्लेगमध्ये दर आठवड्याला किती माणसं दगावली, ते आकडे त्यांनी घेतले आणि आपल्या समीकरणातून निघालेला वक्र त्यावर बसवला. तो सुरेख बसतो. तुमचाही बसेल, पण तिथे थांबू नका. हा प्लेग उंदरांचा, माणसात येतो पिसवांमार्फत, आणि पिसवांचं जगणं तापमानावर आणि दमटपणावर अवलंबून. समीकरणातले लागणीचे आणि त्यातून बाहेर पडण्याचे दर मात्र स्थिर धरलेले. मग साथ ओसरली ती लागण होण्याजोगे जीव कमी झाल्यामुळे, की हवामान बदलल्यामुळे? नुसता वक्र जुळला म्हणून याचं उत्तर मिळत नाही. यावर स्वतःच्या शब्दांत दोन पानं लिहून ठेवा. अर्जासोबतच्या निवेदनात ‘मला आंतरशाखीय संशोधनाची आवड आहे’ या वाक्यापेक्षा ती कितीतरी वजनदार ठरतील.

संसर्ग आणि प्रतिकारशक्ती यांवरचं पदवीपातळीचं एक पुस्तक वाचा. जमल्यास आरोग्य विभागात काम करणाऱ्या कुणाशी तरी बोला: रुग्णाची नोंद कधी होते, किती उशिरा होते, नोंदीतून कोण सुटतं. हे कळल्याशिवाय आकड्यांवर विश्वास टाकू नका.

गणित विभागातून अर्ज करायचा की जीवशास्त्राच्या, हे लवकर ठरवा. परीक्षा त्यावर बदलतात. गुणपत्रिका, शिफारसपत्रं वेळेत मागा. आणि मार्गदर्शकांना पहिल्याच भेटीत विचारा: दुसऱ्या विषयातले सहमार्गदर्शक कोण, आकडेवारी कुठून येणार, आणि ती वापरायची परवानगी हातात आहे का.