पचनसंस्था पोरांना घरीच कशी शिकवायची

परीक्षा आली की पोरं पचनसंस्थेची नावं घडाघडा म्हणून दाखवतात, पण मधेच विचारा की पित्तरस कुठं तयार होतो, की झाली गप्प. म्हणून सांगते, पुस्तक जरा बाजूला ठेवा आणि घास जसा जातो त्याच क्रमाने शिकवा.

सुरुवात तोंडापासून. पोळीचा कोरडा तुकडा द्या, भाजी नको, आणि लगेच गिळायचा नाही, चावत राहायचं, थोड्या वेळाने गोडसर लागायला लागतो कारण लाळेतलं अमायलेज स्टार्च फोडून साखर करतं. अजून पटवायचं असेल तर भाताची पातळ कोमट पेज दोन वाट्यांत घ्या, एकीत लाळ मिसळा, पंधरा मिनिटं थांबून दोन्हीत आयोडीनचा एकेक थेंब टाका. साधी पेज काळीनिळी होते, लाळेची तेवढी होत नाही. नंतर दोन्ही ओतून द्या, तोंडात घालायचं नाही.

अन्ननलिका पटकन उरका, साधारण 25 सेंटिमीटर, काम फक्त पुढे ढकलायचं. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन, इथं प्रथिनं फुटायला लागतात. मग जठर स्वतःच का पचत नाही असं पोराने विचारलं तर खूश व्हा, डोक्यात शिरतंय! उत्तर म्हणजे आतून चिकट म्युकसचा थर असतो.

आता साडी काढा. साडी साडेपाच मीटरची, लहान आतडं जवळपास 6 मीटर. हॉलभर पसरा आणि पोरालाच सांगा, आता ही पोटाएवढ्या जागेत बसव. खरं पचन आणि शोषण इथंच होतं, आतल्या अस्तरावरच्या बारीक बारीक उंचवट्यांतून अन्नरस रक्तात जातो. साडीच्या सुरुवातीच्या टोकाला यकृत आणि स्वादुपिंड अशा दोन चिठ्ठ्या लावा, दोघांचे रस तिथंच येऊन पडतात. पित्तरस यकृतात बनतो, पित्ताशय नुसतं साठवतं, मार्क इथंच जातात. पित्तरसात एन्झाइम, म्हणजे अन्न फोडणारं रसायन, नसतं, तो तेलातुपाचे बारीक थेंब करून देतो आणि मग स्वादुपिंडाचं लायपेज ते पचवतं.

मोठं आतडं दीडच मीटर, पाणी शोषतं, उरलेला मळ गुदद्वाराने बाहेर.

दुसऱ्या दिवशी चित्र न बघता सगळा प्रवास सांगायला लावा, जिथं अडकेल, बहुतेक स्वादुपिंडापाशीच, तेवढंच परत घ्या.