नवा अल्बम फसलाय की फक्त आवाज?

मेटॅलिका या हेवी मेटल बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' 2008 मध्ये आला तेव्हा तक्रारींचा मोठा रोख आवाजावर होता. तीच गाणी 'गिटार हीरो' या गेममध्ये कमी दाबलेली (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक राखलेली), मोकळी ऐकू येत होती. तेव्हा आवडत्या जुन्या बँडच्या नव्या अल्बमने निराशा केली, तर आधी दोष कुठला ते शोधा.

सीडीवरून वेव्ह किंवा फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल काढा. एमपी3 नको, डीकोड होताना त्यातली शिखरं मूळपेक्षा वर जातात आणि निदान चुकतं. फाइल ऑडॅसिटी या मोफत ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये उघडून व्ह्यू मेनूतलं क्लिपिंग (कमाल पातळीला धडकून लाटेचे माथे छाटले जाणं) दाखवणं चालू करा. लाल रेघा दाटीने दिसल्या तर निकाल जवळपास लागलाच. पण लाल दिसलं नाही म्हणून फाइल निर्दोष ठरत नाही. आधी माथे छाटून मग पातळी जराशी खाली आणली असेल, तर सॉफ्टवेअरला काहीच कळत नाही. ड्रमच्या ठोक्यावर भरपूर झूम करा. लाटेचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट असतील तर तीच छाटणी. 'डेथ मॅग्नेटिक'मधल्या 'द डे दॅट नेव्हर कम्स'चा उत्तरार्ध यासाठी उत्तम उदाहरण आहे.

आता खरी परीक्षा. नवं गाणं आणि 1986 च्या 'मास्टर ऑफ पपेट्स' या मेटॅलिकाच्याच अल्बममधलं एखादं, दोन्हींना ऑडॅसिटीतलं लाउडनेस नॉर्मलायझेशन लावून -23 एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) आणा, मग आलटून पालटून ऐका. ही पायरी गाळली तर तुलना फुकट, कारण कानाला मोठा आवाज नेहमीच जरा बरा वाटतो. समान पातळीवर नव्या गाण्यातला स्नेअर (खाली तारा ताणलेला, कडकडणारा ड्रम) गिटारच्या भिंतीत बुडाला, झांजा खरखरल्या, अर्ध्या तासात कान थकले, तर दोष मिक्सिंग-मास्टरिंगचा, म्हणजे रेकॉर्डिंगनंतर वाद्यं एकत्र करून अंतिम आवाज ठरवण्याच्या कामाचा. डायनॅमिक रेंज मीटर शिखरं आणि सरासरी पातळीतला फरक मोजतो, आकडा जितका लहान तितका आवाज जास्त दाबलेला; त्यावर 'डेथ मॅग्नेटिक' 3 च्या आसपास येतो. विनाइलवरून (जुन्या पद्धतीच्या तबकडीवरून) घेतलेल्या रेकॉर्डिंगचा आकडा मात्र विचारात घेऊ नका. मास्टर तोच असला तरी तिथे तो फुगून दिसतो.

छाटलेले माथे दुरुस्त करणारं ऑडॅसिटीतलं क्लिप फिक्स अशा अल्बमवर फारसं चालत नाही. मोजक्याच ठिकाणी माथे कापले गेले असतील तर ते अंदाजाने माथा जोडतं. इथे जवळजवळ प्रत्येक ठोका कापलेला असतो. त्यापेक्षा वेगळं मास्टरिंग असलेली आवृत्ती शोधा.

आवाज स्वच्छ निघाला तरी अल्बम रुचत नसेल, तर लांबी बघा. आयर्न मेडन या बँडचा 'सेनजुत्सु' (2021) 80 मिनिटांच्या वर जातो. तो दोन डिस्कचा आहे, मग दोन बैठकांत ऐका. मेटॅलिकाचा 'सेंट अँगर' (2003) मात्र वेगळी जात: स्नेअरच्या तारा सैल सोडून वाजवल्यामुळे येणारा तो पत्र्याच्या डब्यासारखा आवाज रेकॉर्डिंगच्या वेळीच ठरलेला, गिटार सोलो मुळातच नाहीत. तिथे मास्टरिंगला दोष देऊ नका.