आठवड्यात पाचवी लेव्हल? उत्तर पूर्वकथेत

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला ३०० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, पाचवीला ६,५००. रोज दिवसभर लढाया झाल्या तर कथेतल्या आठवडाभरात नवखं पात्र पाचवीला पोचतं. कोल्हापुरात आमच्या टेबलावर हे कुणाला पटेना. तालमीत वर्षानुवर्षं माती अंगाला लागते तेव्हा कुठं पैलवान घडतो, हे इथं सगळ्यांना ठाऊक.

उपाय असा: पात्र नवं शिकत नाही, हरवलेलं परत मिळवतं. फायटर (लढवय्या पात्र) म्हणजे खांदा निखळून सहा वर्षं आखाडा सुटलेला पैलवान. पाचव्या लेव्हलचा जादा हल्ला म्हणजे अंगात मुरलेला जुना डाव. विझार्डला, म्हणजे जादूगार पात्राला, दर लेव्हलला दोन मंत्र आपोआप मिळतात. ते गुरूच्या सांकेतिक वहीतून उलगडत गेले असं धरायचं.

बिघडतं कुठं? पूर्वकथेत नुसतं ‘नावाजलेला योद्धा’ लिहिलं की. मग पहिल्या लेव्हलच्या दहा-बारा हिट पॉइंटवर (तग धरायच्या गुणांवर) साधा गॉब्लिन, म्हणजे छोटा राक्षस, त्याला लोळवतो आणि कथा खोटी पडते. कौशल्य का गेलं ते आधी लिहा: दुखापत, तुरुंग, शाप, काहीही. मल्टिक्लास करायचं, म्हणजे पात्राला पुढं दुसऱ्या वर्गाच्याही लेव्हल घ्यायच्या असतील तर त्याचं बीज पहिल्याच सत्रात पेरा. ऐनवेळी चिकटवलेलं लगेच कळतं.